ग्रामपंचायत ते महानगरपालिका : निवडणूक खर्चाचा हिशेब कसा ठेवावा आणि कसा सादर करावा

निकाल लागला की विजयी उमेदवाराच्या अंगावर गुलाल पडतो आणि पराभूत उमेदवार दुसऱ्या दिवशी रानातल्या कामाला लागतो. त्याच दिवसापासून दोघांसाठीही तीस दिवसांची एक मुदत सुरू झालेली असते, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत ती बहुतेकांच्या ध्यानात नसते. या तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा संपूर्ण हिशेब सादर करावा लागतो. तो न देणारा निवडून आलेला असेल तर त्याचे पद धोक्यात येते, आणि पडलेला असेल तर पुढची निवडणूक लढवण्याचा त्याचा हक्क जाऊ शकतो. मर्यादेपेक्षा जास्त पैसा उधळल्याने अडचणीत आलेल्यांची चर्चा गावात होते. प्रत्यक्षात जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस येते ती बहुधा हिशेबच न दिलेल्या, उशिरा दिलेल्या किंवा पावत्यांविना दिलेल्या साध्या माणसांना. जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२६ मध्ये संपत असल्याने या वर्षी पुष्कळ माणसे प्रथमच अर्ज भरतील. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कोणता कायदा लागू होतो

लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांचे नियम गावाच्या निवडणुकीला जसेच्या तसे लागू होतात, हा समज सर्वप्रथम दूर केला पाहिजे. त्या निवडणुका भारत निवडणूक आयोग लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका संविधानाच्या अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए यांनुसार राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. दोन्ही आयोग वेगळे आहेत, त्यांचे आदेश वेगळे आहेत आणि खर्चाचे नमुनेही वेगळे आहेत. विधानसभेच्या वेळी कोणा कार्यकर्त्याने जपून ठेवलेले जुने नमुने ग्रामपंचायतीसाठी भरून देण्यात अर्थ नाही. आपल्या निवडणुकीचे नमुने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातूनच घ्यावेत.

ग्रामपंचायतीच्या उमेदवारासाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४-ब. राज्य निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या मुदतीत आणि ठरवून दिलेल्या रीतीने उमेदवाराने खर्चाचा हिशेब सादर केला नाही, आणि त्यामागे सबळ कारण किंवा समर्थन नाही, अशी खात्री पटल्यास त्याला पाच वर्षांपर्यंत अनर्ह, म्हणजे निवडणुकीस अपात्र, ठरवता येते. यातील ‘मुदतीत’ आणि ‘रीतीने’ या दोन्ही अटी सारख्याच बंधनकारक आहेत. विसाव्या दिवशी दिलेला हिशेब पावत्या किंवा शपथपत्राविना असेल तर तो मुदतीत असूनही रीतीने दिलेला ठरत नाही. जिल्हा परिषद व पंचायत समिती, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्या अधिनियमांतही याच आशयाच्या तरतुदी आहेत. ग्रामपंचायतीच्या बाबतीत हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलेला असल्याने नोटीस येते ती त्यांच्याच कार्यालयाकडून.

हिशेब विजयी आणि पराभूत अशा दोघांनाही द्यावा लागतो. ज्याला अवघी अकरा मते पडली त्यालाही तो द्यावा लागतो, आणि बिनविरोध निवडून आलेल्यालाही. बिनविरोध उमेदवाराचा खर्च नगण्य असेल, पण ‘खर्च झाला नाही’ किंवा ‘इतकाच झाला’ हेही विहित नमुन्यात लिहून द्यावे लागते.

खर्चाची मर्यादा

मर्यादा आयोगाच्या आदेशाने ठरते आणि काही वर्षांनी बदलते. २०१७ पासून चालत आलेल्या मर्यादा २०२५ मध्ये साधारण दीडपट करण्यात आल्या. ग्रामपंचायतीत ती सदस्यसंख्येवर अवलंबून असते. सात किंवा नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला ४०,००० रुपये आणि थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला ७५,००० रुपये, अकरा किंवा तेरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत अनुक्रमे ५५,००० व १,५०,००० रुपये, आणि पंधरा किंवा सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत ७५,००० व २,६५,००० रुपये अशी ती आहे.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची मर्यादा त्या जिल्हा परिषदेच्या एकूण जागांवरून ठरते. ५० ते ६० जागा असलेल्या जिल्हा परिषदेत गटाच्या (जिल्हा परिषदेच्या) उमेदवाराला ६ लाख आणि गणाच्या (पंचायत समितीच्या) उमेदवाराला ४ लाख ५० हजार रुपये खर्च करता येतो. ६१ ते ७० जागा असतील तर हेच आकडे ७ लाख ५० हजार आणि ५ लाख २५ हजार होतात. हिंगोली, परभणी, धाराशिव, लातूर आणि जालना या जिल्हा परिषदा पहिल्या वर्गात येतात, तर नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर दुसऱ्या वर्गात येतात. शेजारच्या जिल्ह्यातील पाहुण्याने सांगितलेला आकडा आपल्याला लागू असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. महानगरपालिकेत छत्रपती संभाजीनगरची मर्यादा ११ लाख, तर नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना यांची ९ लाख रुपये आहे. नगरपरिषदांत ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ या वर्गांनुसार, तसेच नगराध्यक्ष व सदस्य यांच्यासाठी वेगवेगळ्या मर्यादा आहेत. अर्ज भरतानाच आपल्या निवडणुकीसाठी लागू असलेल्या आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि मर्यादेचा आकडा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

अर्ज भरण्यापूर्वीची तयारी

अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात तीन कामे उरकून घ्यावीत.

पहिले काम बँकेचे. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खाते उघडावे लागते. पीककर्जाचे, ठिबक सिंचनाच्या अनुदानाचे किंवा बचत गटाचे चालू खाते यासाठी वापरू नये. त्या खात्यात शासनाचे पैसे येतात, बँक हप्ते कापून घेते, आणि निवडणुकीचा पैसा कोणता व शेतीचा कोणता हे महिन्याभराने स्वतःलाही सांगता येत नाही. तालुक्याच्या गावी निवडणुकीच्या काळात बँकांपुढे रांगा लागतात. त्यामुळे निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होताच आधार कार्ड, पॅन कार्ड आणि छायाचित्रे घेऊन बँक गाठावी. कोणत्या प्रकारच्या बँकेतील खाते चालेल हे आधी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत विचारून घ्यावे.

दुसरे काम नोंदवहीचे. निवडणूक कार्यालयातून मिळणारी दैनंदिन खर्चाची नोंदवही हीच अधिकृत वही होय. तिच्याबरोबर पावत्या क्रमाने लावण्यासाठी एक फाइल ठेवावी. प्रत्येक पावतीवर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीतील नोंदीसमोर लिहावा. पुढे तपासणीच्या वेळी अर्धे काम या एका सवयीने हलके होते.

तिसरे काम माणूस नेमण्याचे. उमेदवार दिवसभर गल्लोगल्ली फिरत असतो, त्यामुळे हिशेब दुसऱ्या कोणी तरी लिहिणे भाग असते. यासाठी पॅनेलच्या प्रमुखाचा विश्वासू निवडण्यापेक्षा घरातील बारावी झालेली मुलगी किंवा गावातील दुकानाचा हिशेब लिहिणारा मुलगा निवडणे चांगले. लिहिणाऱ्याला रोज रात्री उमेदवारासमोर बसून विचारता आले पाहिजे आणि उमेदवाराने त्याला खरे सांगितले पाहिजे.

येथे स्त्री उमेदवारांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि मराठवाड्यात आजही अनेक घरांत अर्जावर सही तिची असते व खर्च मात्र पती, दीर किंवा मुलगा करतो. कायदा हिशेब तिच्याकडेच मागतो. नोटीस तिच्याच नावाने येते, शपथपत्रावर खोटे लिहिले गेले तर जबाबदारीही तिचीच, आणि पाच वर्षांची अनर्हता तिच्याच वाट्याला येते. म्हणून प्रत्येक स्त्री उमेदवाराने वही स्वतःकडे ठेवावी, रोजची बेरीज स्वतः पाहावी आणि कोऱ्या नमुन्यावर सही करण्यास ठाम नकार द्यावा. घरातील माणसे रागावली तरी चालेल, पण ही गोष्ट सोडू नये.

पैसा कुठून आला

हिशेब म्हणजे केवळ खर्चाची यादी, असे पुष्कळजण समजतात. प्रत्यक्षात पैसा कोठून आला ही बाजूही तितकीच लिहावी लागते. स्वतःची बचत, नातेवाइकांनी दिलेली रक्कम, मित्रमंडळींची मदत, पक्षाने दिलेले पैसे आणि हातउसने घेतलेले पैसे, हे सर्व देणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह नोंदवावे. पैसा आधी निवडणूक खात्यात जमा करावा आणि मग तेथून खर्चावा, हा साधा क्रम पाळला तर आवक-जावकीचा ताळमेळ आपोआप जमतो.

मराठवाड्यातील शेतकरी उमेदवाराचा पैसा बहुधा मोंढ्यातून, म्हणजे शेतमालाच्या बाजारातून येतो. सोयाबीन किंवा तूर आडत्याकडे घालून आलेले पैसे असतील तर हिशेबपट्टीची प्रत जपून ठेवावी, कारण ती आपल्या उत्पन्नाचा सर्वांत चांगला पुरावा आहे. माल येण्याआधीच आडत्याकडून उचल घेतली असेल तर ते उत्पन्न ठरत नाही, ते कर्ज आहे, आणि वहीत तसेच लिहावे. या ठिकाणी आयकराचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेता येत नाही. देणारा आणि घेणारा या दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणाचेही उत्पन्न करपात्र नसेल, तेव्हाच या नियमातून सूट मिळते. भावकीतील शेतकऱ्याने शेतकऱ्याला दिलेल्या उसनवारीला ही सूट बहुधा लागू होते. आडत्याचे उत्पन्न मात्र व्यापाराचे असल्याने त्याच्याकडून घेतलेल्या मोठ्या रकमेला ती लागू होणार नाही. अशी रक्कम धनादेशाने किंवा थेट खात्यावर घ्यावी. असे केल्याने आपले आणि त्याचे, दोघांचेही कागद स्वच्छ राहतात.

नाव न सांगण्याच्या अटीवर कोणी पैसे देऊ केले तर ते घेऊ नयेत. गावाच्या निवडणुकीत वाळूच्या, गुत्तेदारीच्या किंवा जमिनीच्या व्यवहारातील माणसे अशी मदत घेऊन येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. अशी रक्कम हिशेबात दाखवता येत नाही आणि न दाखवणे हा गुन्ह्याकडे नेणारा रस्ता आहे. त्याशिवाय निवडून आल्यावर त्या पैशाची परतफेड गावाच्या कामांतून करावी लागते.

खर्च म्हणजे काय काय

नामनिर्देशनपत्र दाखल केल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत प्रचारासाठी झालेला प्रत्येक खर्च धरायचा असतो. पत्रके किंवा फ्लेक्स आधीच छापून घेतले आणि अर्ज भरल्यानंतर वापरले, तरी त्यांची किंमत हिशेबात येते. खर्च कोणत्या दिवशी केला यापेक्षा वस्तू प्रचाराच्या काळात वापरली का, हे पाहिले जाते.

सर्वाधिक गोंधळ फुकट मिळालेल्या वस्तूंबाबत होतो. मेव्हण्याने आपला स्पीकर संच पैसे न घेता दिला, मित्राने जीप दिली, पुतण्याने त्याच्या छपाईच्या दुकानातून फ्लेक्स काढून दिले, तर उमेदवाराला वाटते की खर्च झालाच नाही. ही समजूत चुकीची आहे. अशा वस्तू किंवा सेवेची बाजारभावाने होणारी किंमत खर्चात धरावी लागते आणि तितकीच रक्कम मदत म्हणून आवक बाजूलाही दाखवावी लागते. किंमत मनाने ठरवायची नसते. मंडप, खुर्च्या, वाहन, ध्वनिक्षेपक, चहा, जेवण इत्यादींची दरसूची निवडणुकीच्या वेळी प्रशासन जाहीर करते. तपासणारे अधिकारी तिच्याच आधारे हिशेब लावतात. म्हणून ती सूची पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. स्वतःच्या मालकीची गाडी प्रचारात फिरवली तर इंधनाची नोंद तर करावीच, शिवाय त्या वाहनाचा खर्च कसा धरावा हे दरसूचीत पाहून घ्यावे. प्रचारात फिरणाऱ्या वाहनांची परवानगी घ्यावी लागते आणि त्या परवानगीची प्रत अधिकाऱ्यांकडेही असते. परवाना तीन रिक्षांचा आणि हिशेबात रिक्षा एकच, ही विसंगती तपासणीत लगेच उघडी पडते.

भोंगा लावलेली रिक्षा, हलगीवाल्यांची बिदागी, गमछे आणि टोप्या, कोपरा सभेचा मांडव, जनरेटरचे डिझेल, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता आणि जेवण, मतदार याद्यांच्या झेरॉक्स प्रती, मतदानाच्या दिवशी बुथावर बसणाऱ्या माणसांचे जेवण, हे सारे खर्चाचे नेहमीचे प्रकार आहेत. अलीकडे त्यांत मोबाइलवरील प्रचाराची भर पडली आहे. स्वतःच्या फोनवरून पाठवलेल्या संदेशाला पैसे पडत नाहीत, पण गाणे रेकॉर्ड करून घेणे, चित्रफीत बनवून घेणे, एकगठ्ठा संदेश पाठवणाऱ्याला पैसे देणे किंवा समाजमाध्यमावर जाहिरात लावणे हा खर्च आहे आणि त्याचीही पावती घ्यावी. छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि प्रतींची संख्या असावी. छापखान्याच्या बिलावरील संख्या आणि पत्रकावरील संख्या एकच आहे ना, हे पाहून घ्यावे.

कार्यकर्त्यांचे जेवण आणि मतदारांची पंगत यांत मात्र मूलभूत फरक आहे. दिवसभर राबलेल्या दहा-पंधरा कार्यकर्त्यांना जेवू घालणे हा वैध खर्च आहे. मते मिळावीत म्हणून वस्तीला कंदुरीचे किंवा भंडाऱ्याचे जेवण घालणे ही भारतीय न्याय संहितेनुसार लाचच आहे. असा खर्च वहीत लिहिल्याने तो वैध होत नाही. तो करूच नये. ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या मजुरांना मतदानापुरते गाड्या करून आणण्याची पद्धत बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत रूढ झाली आहे. मतदारांना मतदान केंद्रापर्यंत ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरवणे आदर्श आचारसंहितेत बसत नाही, मग त्याची पावती असो वा नसो.

पॅनेलचा आणि इतरांनी केलेला खर्च

आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती पॅनेल विरुद्ध पॅनेल अशी होते. फ्लेक्स पॅनेलचा, रिक्षा पॅनेलची, सभा पॅनेलची आणि पैसे प्रत्यक्षात पॅनेलप्रमुखाच्या खिशातून. कायद्याला पॅनेल ठाऊक नाही, त्याला फक्त उमेदवार ठाऊक आहेत. म्हणून सामायिक खर्चाची विभागणी करून प्रत्येकाने आपला वाटा आपल्या हिशेबात दाखवावा. नऊ सदस्य आणि एक सरपंचपदाचा उमेदवार असे दहाजण एका फ्लेक्सवर असतील तर खर्चाचे दहा वाटे होतात. ही विभागणी पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात आणि मूळ बिलाची छायाप्रत प्रत्येकाने आपल्या फाइलला लावावी. दहा उमेदवारांच्या हिशेबांत एकाच फ्लेक्सची दहा वेगवेगळी रक्कम दिसली तर दहाही जण अडचणीत येतात.

गावातील उत्साही तरुण मंडळे परस्पर फ्लेक्स लावतात आणि रॅली काढतात. उमेदवाराच्या लेखी अधिकाराविना त्याच्या प्रचारासाठी खर्च करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार गुन्हा असून त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उमेदवाराने अशा मंडळांना दोनच पर्याय द्यावेत. एक तर लेखी परवानगी घ्यावी आणि खर्चाची पावती द्यावी, नाहीतर फ्लेक्स उतरवावा. परवानगी न देता फ्लेक्सचा लाभ मात्र घेत राहणे दोघांनाही अडचणीत आणते.

रोजची नोंद : एक उदाहरण

दिवसभराचा खर्च त्याच रात्री लिहावा आणि दुसऱ्या दिवशी तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सादर करावा. राज्य निवडणूक आयोगाच्या ‘ट्रू व्होटर’ या मोबाइल अ‍ॅपवरही खर्च भरण्याची सोय आहे. अ‍ॅपवर भरला तरी कागदी वही आणि पावत्यांची फाइल सोडू नये. डोंगरपट्ट्यातील गावांत नेटवर्क नसते आणि शेवटच्या दिवशी अ‍ॅप अडले तर हातात कागद लागतो.

नऊ सदस्यांच्या एका ग्रामपंचायतीतील सदस्यपदाच्या उमेदवाराचे काल्पनिक उदाहरण घेऊ. दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत. उमेदवाराने निवडणूक खात्यात स्वतःचे १५,००० रुपये भरले आणि भावाने थेट खात्यावर १०,००० रुपये पाठवले. रोख आवक २५,००० रुपये झाली. मेव्हण्याने स्पीकर संच फुकट दिला, त्याचे दरसूचीनुसार भाडे १,५०० रुपये होते. ही वस्तुरूप मदत धरून एकूण आवक २६,५०० रुपये होते.

खर्चाच्या बाजूला पत्रकांची छपाई २,४०० रुपये, रिक्षाचे पाच दिवसांचे भाडे ६,००० रुपये, स्वतःच्या व दोन कार्यकर्त्यांच्या दुचाकींचे पेट्रोल ३,००० रुपये, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता व जेवण ४,९०० रुपये, कोपरा सभेचा मांडव आणि खुर्च्या २,५०० रुपये, पॅनेलच्या २७,००० रुपयांच्या सामायिक खर्चातील दहावा वाटा २,७०० रुपये, आणि मेव्हण्याच्या स्पीकरचे मूल्य १,५०० रुपये अशा नोंदी येतील. त्यांची बेरीज २३,००० रुपये होते. ही रक्कम ४०,००० रुपयांच्या मर्यादेत आहे. प्रत्यक्ष चुकते केलेले पैसे २१,५०० रुपये असल्याने खात्यात ३,५०० रुपये शिल्लक दिसले पाहिजेत. शिल्लक तितकीच असेल तर हिशेब जुळला. ती कमी असेल तर कोणता तरी खर्च लिहायचा राहिला आहे, आणि जास्त असेल तर कोणी तरी परस्पर पैसे दिले आहेत किंवा एखादी उधारी चुकती करायची राहिली आहे. उधारीवर घेतलेला मालही खर्चच असतो. मंडपवाल्याचे पैसे सुगीनंतर द्यायचे ठरले असले तरी त्याचे बिल आत्ताच घ्यावे आणि ‘देणे बाकी’ असे लिहून पूर्ण रक्कम खर्चात दाखवावी.

चहाच्या टपरीवर किंवा हलगीवाल्याकडे छापील पावती मिळत नाही. अशा वेळी साध्या कागदावर तारीख, कामाचे स्वरूप आणि रक्कम लिहून पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा. पंधरा दिवसांनी एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात बनवलेल्या पावत्यांचा गठ्ठा कोणत्याही तपासनिसाला पाहताक्षणी कळतो.

तीस दिवस आणि अंतिम हिशेब

निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत अंतिम हिशेब सादर करायचा असतो. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत मतमोजणी १८ तारखेला झाली होती. त्या उमेदवारांचे तीस दिवस १७ फेब्रुवारीला पूर्ण झाले. आपली अखेरची तारीख निकालाच्या दिवशीच दिनदर्शिकेवर लिहावी आणि हिशेब त्याच्या दहा दिवस आधी देण्याचे ठरवावे. त्यामुळे कार्यालयाने त्रुटी दाखवली तर ती मुदतीत दुरुस्त करता येते.

विहित नमुन्यातील गोषवारा, दैनंदिन नोंदवही, क्रमांक घातलेली प्रमाणके (पावत्या व बिले), बँक खात्याचा उतारा आणि हिशेब खरा असल्याचे शपथपत्र असा संच तयार करावा. प्रत्येक पानावर उमेदवाराची स्वतःची सही हवी. सर्व कागदांच्या दोन प्रती काढाव्यात आणि एका प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. या पोचेविषयी मी कितीही आग्रहाने लिहिले तरी ते कमीच आहे. ‘ठेवून जा, नंतर शिक्का मारतो’ असे कोणी म्हटले तरी पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. नोटीस येते ती वर्षा-दोन वर्षांनी. तोपर्यंत कर्मचारी बदललेले असतात, कपाटे हललेली असतात, आणि ‘मी दिला होता’ हे सिद्ध करण्यासाठी उमेदवाराकडे त्या एका शिक्क्याशिवाय दुसरे काही नसते. पोच मिळतच नसेल तर संच नोंदणीकृत डाकेने पाठवून डाकघराची पावती जपावी.

हिशेबातील आकडे खरेच असावे लागतात, नुसते नमुने भरून भागत नाही. नांदेड जिल्ह्यातील भोकर विधानसभा मतदारसंघातील एका उमेदवाराच्या २००९ मधील निवडणूक खर्चाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये म्हटले की, हिशेब मुदतीत आला एवढे पाहून भारत निवडणूक आयोगाला थांबण्याची गरज नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. त्या उमेदवाराविरुद्धचा आयोगाचा पुढील आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, आणि ते प्रकरण विधानसभेचे असल्याने १९५१ च्या अधिनियमाखालील होते. तरीही हिशेबाची सत्यता तपासली जाऊ शकते, हा मुद्दा प्रत्येक उमेदवाराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

नोटीस आली तर

नोटिशीला घाबरून ती पेटीत टाकून देणे हा सर्वांत घातक मार्ग आहे. पुष्कळांची अनर्हता अशीच एकतर्फी होते. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते तिच्यावर लिहावे, दिलेल्या मुदतीत लेखी खुलासा द्यावा आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. हिशेब दिलेला असेल तर पोचेची प्रत जोडावी. दिलेला नसेल तर तो लगेच पूर्ण करून सादर करावा आणि उशिराचे खरे कारण पुराव्यासह मांडावे. रुग्णालयातील दाखल्याचे कागद, घरातील मृत्यूचा दाखला, अतिवृष्टीचा पंचनामा यांसारखे कारण असेल तर कागदाने दाखवावे. ‘नियम माहीत नव्हता’ हे कारण सहसा टिकत नाही, कारण निवडणुकीच्या वेळी सूचना दिलेल्या असतात.

नांदेड जिल्ह्यातील एका ग्रामपंचायत उमेदवाराचे याच कलम १४-ब खालील प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलेला अधिकार वैध मानला. त्याचबरोबर अनर्हतेचा कालावधी ठरवताना कसूर कोणत्या स्वरूपाची आहे याचा विचार झाला पाहिजे, अशी भूमिका घेतली. थोडा उशीर झालेला आणि हिशेबच न दिलेला, अशा दोघांना डोळे झाकून सारखीच पाच वर्षे देता येत नाहीत. खुलासा लिहिताना आपली कसूर नेमकी किती आणि कोणती, हे म्हणूनच तपशिलाने मांडावे. आदेश विरोधात गेला तरी अधिनियमातच अनर्हता दूर करण्याची किंवा तिचा कालावधी कमी करण्याची तरतूद आहे. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडेही दाद मागता येते. या टप्प्यावर मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा.

मतदारांना काय पाहता येते

उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांविषयीचे शपथपत्र मतदानापूर्वीच लोकांसाठी प्रसिद्ध होते. खर्चाच्या हिशेबाची प्रत माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून मागता येते. अर्जात निवडणुकीचे वर्ष, ग्रामपंचायतीचे नाव, प्रभाग क्रमांक आणि ‘अंतिम खर्चाचा गोषवारा, दैनंदिन नोंदवही व प्रमाणकांच्या छायाप्रती’ असे नेमके लिहावे. मोघम मागितले तर मोघमच उत्तर येते. गावात ज्यांच्या तीन जीपगाड्या आणि रोजच्या पंगती सर्वांनी पाहिल्या, त्यांच्या हिशेबात बारा हजार रुपये दिसत असतील तर त्या काळातील तारखा टाकलेली छायाचित्रे आणि चित्रफिती जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. प्रचार सुरू असतानाच तक्रार केली तर पथकाला जागेवर येऊन पंचनामा करता येतो. निकालानंतर केवळ आठवणीवर केलेल्या तक्रारीपेक्षा तो पंचनामा अधिक वजनदार ठरतो.

उमेदवाराने हिशेबाची फाइल, पोच आणि बँकेचा उतारा किमान पुढची निवडणूक होऊन जाईपर्यंत सांभाळावा. निवडणूक खाते सर्व देणी फिटल्यावर आणि अंतिम उतारा हातात आल्यावरच बंद करावे.